मुलांना ‘किड्स मील’ पुरेनासं झालं की पुढची ऑर्डर कशी ठरवायची

सहावी-सातवीतला मुलगा किड्स मीलच्या, म्हणजे लहानांसाठीच्या बर्गर-फ्राइज-पेयाच्या, पेटीतला बर्गर पाच-सहा घासांत संपवतो, फ्राइजच्या पाकिटाच्या तळाशी राहिलेले कुरकुरीत तुकडे बोटाने गोळा करतो आणि मग बाबांच्या बर्गरकडे बघत बसतो. पुढच्या खेपेला आईवडील सरळ मोठ्यांचा कॉम्बो मागवतात. बर्गर मोठा, फ्राइज मोठे, पेयही मोठं. बिल फुगतं, अर्धे फ्राइज गार होऊन पडून राहतात आणि घरी पोचल्यावर पोरगं परत फ्रिज उघडतं.

गडबड एकाच गोष्टीत आहे. मुलाची भूक वाढली म्हणून ताटातली प्रत्येक गोष्ट त्याच प्रमाणात वाढवायची नसते. आधी वाढवायचा तो मुख्य पदार्थ, म्हणजे ज्यात अंडं, चिकन, पनीर, डाळ किंवा कडधान्य आहे तो. बटाटा लहानच ठेवायचा आणि गोड पेय जमेल तितकं कमी करायचं. हे लक्षात राहिलं तर मॉलमधल्या फूड कोर्टपासून एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलपर्यंत कुठेही ऑर्डर जुळवता येते.

आधी खात्री करा: खरंच पुरत नाही का?

एका दिवसावरून ठरवू नका. शाळेनंतर चार तास काहीच न खाल्लेलं मूल त्या दिवशी दुप्पट खाणारच. तहान लागली असेल तरी मुलं “अजून भूक आहे” म्हणतात, आणि खारट फ्राइजनंतर तहान हमखास लागते. शेजारच्या टेबलावर मोठा बर्गर दिसला की हवासा वाटतो, तीही भूक नव्हे. म्हणून पेटी संपल्यावर आधी ग्लासभर पाणी द्या आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण तेवढा वेळ लागतोच. भराभर खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही वाट बघणं जास्तच गरजेचं.

पोरशन खरंच कमी पडायला लागल्याच्या खुणा वेगळ्या असतात. घरी पोळ्यांचा आकडा काही आठवडे वाढलेला टिकतो, दोनवर थांबणारं मूल रोज तीन-चार खातं. चपला-बूट, शाळेची पँट सहा महिन्यांत आखूड होते. बाहेर खाऊन आल्यावर दीड-दोन तासांत ते पुन्हा खायला मागतं, आणि तेव्हा चॉकलेटच हवं असं नसतं, भाकरी-भाजीही चालते. ही शेवटची खूण सगळ्यात भरवशाची. साधं जेवण चालत असेल तर ती भूक आहे, फक्त गोडच चालत असेल तर बहुधा नाही.

वयाचा अंदाजही धरून ठेवा. वयात येण्याआधी मुलांची उंची वर्षाला पाचेक सेंटीमीटरने वाढते. मुलींमध्ये वाढीचा मोठा झपाटा नऊ-दहाव्या वर्षी सुरू होऊन बाराव्याच्या आसपास शिगेला पोचतो. मुलांमध्ये तो साधारण दोन वर्षांनी उशिरा, चौदाच्या सुमारास. त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर वाढणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणजे घरात अकरा वर्षांची ताई आणि दहा वर्षांचा भाऊ असेल, तर पेटी आधी ताईला अपुरी पडणार. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मुलाला मोठा बर्गर मिळतो आणि ताईला “तुला एवढं कशाला” असं ऐकावं लागतं. पोषणाच्या दृष्टीने हे साफ चूक आहे, आणि त्याची सवय लागली तर परिणाम पुढे वर्षानुवर्षं राहतो. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, त्याच वयाच्या मुलाला २२. तिच्या ऑर्डरमध्ये काटछाट करायला कोणतंच कारण नाही.

जेवण आहे की मधल्या वेळचं खाणं?

काउंटरवर जाण्याआधी हे ठरवून टाका, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. संध्याकाळी पाचला गेलात आणि रात्री घरी वरण-भात होणारच असेल, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही लहान बर्गर आणि पाणी पुरतं. किड्स मील ‘लहान मुलांचं’ आहे म्हणून मोठ्या मुलाने घेऊ नये असा काही नियम नाही. रात्रीचं जेवणच बाहेर होणार असेल तर हिशोब वेगळा.

हिशोबाला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांचे २०२० चे आकडे उपयोगी पडतात. दिवसाची ऊर्जेची गरज त्यांनी अशी दिली आहे: ७ ते ९ वर्षं, १७०० कॅलरी. १० ते १२ वर्षं, मुली २०६० आणि मुलगे २२२०. १३ ते १५ वर्षं, मुली २४०० आणि मुलगे २८६०. १६ ते १८ वर्षं, मुली २५०० आणि मुलगे ३३२०. बैठं काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला तिथे २११० आणि बाईला १६६० धरल्या आहेत. म्हणजे दहावीतल्या, रोज मैदानावर जाणाऱ्या मुलाला ऑफिसात बसणाऱ्या बाबांपेक्षा जास्त खाणं लागतं, आणि नववीतल्या मुलीला आईपेक्षा. ‘मोठ्या माणसाचा पोरशन मोठ्या माणसालाच’ हे गणित या वयात जुळत नाही.

एका जेवणाला दिवसाच्या गरजेचा चौथा ते तिसरा हिस्सा धरा. आठ वर्षांच्या मुलाला ४२५ ते ५६५, अकरा वर्षांच्या मुलीला ५१५ ते ६८५, अकरा वर्षांच्या मुलाला ५५५ ते ७४०, चौदा वर्षांच्या मुलीला ६०० ते ८००, चौदा वर्षांच्या मुलाला ७१५ ते ९५०. हे आकडे खेळत्या-बागडत्या मुलांचे आहेत. क्लास, मोबाईल आणि व्हॅन यांतच दिवस जात असेल तर खालच्या टोकाला राहा.

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांना पदार्थासमोर कॅलरी लिहिणं एफएसएसएआयच्या (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०२० च्या नियमांनी बंधनकारक केलं, आणि २०२२ पासून ते लागू आहे. बोर्डावर बारीक अक्षरांत का होईना, आकडा असतो. तिथे किलोकॅलरी लिहितात आणि बोलताना आपण कॅलरी म्हणतो, दोन्ही एकच. सोबत ‘सरासरी सक्रिय प्रौढ व्यक्तीला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात’ अशा अर्थाची ओळही दिसेल. ती प्रौढांसाठी आहे, मुलासाठी वरचे आकडे वापरा.

पेटीत असतं तरी काय

मॅकडोनल्ड्स इंडियाने जाहीर केलेल्या पोषण-तक्त्यातले ठोकळ आकडे घेऊ. पाककृती बदलल्या की ते थोडे हलतात, म्हणून जाल तेव्हा बोर्डावरचा आकडा खरा माना. आलू टिक्की बर्गर साधारण ३४० कॅलरी, लहान फ्राइज २२५, आणि २०० मिली कोला धरला तर आणखी ८५-९०. एकूण ६५० च्या घरात. अकरा वर्षांच्या मुलासाठी कॅलरीच्या बाबतीत हे जेवण पूर्ण झालं!

मग भूक का राहते? प्रथिनं बघा. त्या बर्गरमध्ये ती साडेआठ ग्रॅम, फ्राइजमध्ये जेमतेम तीन, कोल्यात शून्य. सगळी मिळून साडेअकरा. दहा ते बारा वयाला दिवसाकाठी ३२-३३ ग्रॅम लागतात आणि तेरा ते पंधराला ४३ ते ४५. त्यात मैदा आणि बटाटा, म्हणजे चोथाही कमी. असं जेवण पटकन पचतं आणि पोटाला धरून राहत नाही. मुलाला ‘पेटी पुरत नाही’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा कमी पडलेली असतात ती प्रथिनं आणि चोथा.

आता दोन रस्ते ताडून बघा. लहान फ्राइजच्या जागी सगळ्यात मोठे घेतले तर ४५० कॅलरी होतात, म्हणजे २२५ ची भर, आणि प्रथिनं वाढतात तीनेक ग्रॅम. त्याऐवजी फ्राइज काढून चार चिकन नगेट्स घेतले तर १७० कॅलरीत दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. आलू टिक्की बर्गर, चार नगेट्स आणि पाणी मिळून ५१० कॅलरी आणि साडेअठरा ग्रॅम प्रथिनं. सुरुवातीच्या पेटीपेक्षा कॅलरी कमी, तरी पोट जास्त वेळ भरलेलं.

पायरी-पायरीने वाढवा

पहिली पायरी आठ-नऊ ते दहा-अकरा वयाची. पेटी तशीच ठेवा, फक्त पेय बदलून पाणी किंवा दूध घ्या आणि प्रथिनांची एक छोटी वस्तू जोडा: चार नगेट्स, चिकनचा एक तुकडा, अंड्याचा किंवा पनीरचा काही पदार्थ. शाकाहारी मुलांसाठी बर्गरच्या दुकानात असा सुटा पदार्थ मिळणं कठीण जातं. तिथे निघण्याआधी घरी कपभर दूध आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे देणं हा सगळ्यात सोपा उपाय. २०० मिली दुधातून सहा-सात ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूल कासावीस न होता दुकानात शिरतं, हा वरचा फायदा.

दुसरी पायरी अकरा ते तेराची. आता पेटी सोडा, पण कॉम्बोही घेऊ नका. मोठ्यांचा एक बर्गर सुटा मागवा आणि फ्राइजचं एक मधलं पाकीट दोघांत घ्या. मॅकव्हेजी बर्गर सुमारे ४०० कॅलरीचा, मधले फ्राइज ३२० चे, त्यातले अर्धे १६०. पाण्यासोबत एकूण ५६० होतात. याच बर्गरचा मधला कॉम्बो ३०० मिली कोल्यासकट साडेआठशेच्या आसपास जातो.

तिसरी पायरी तेराच्या पुढची, त्यातही रोज मैदानावर जाणाऱ्यांची. इथे मूल खरंच खूप खातं आणि त्याला खाऊ द्यावं. दोन लहान बर्गर, किंवा एक मोठा बर्गर आणि वर चिकनचे तुकडे, आणि सोबत लहान फ्राइज. दोन साधे बर्गर बहुतेक वेळा एका ‘सगळ्यात मोठ्या’ बर्गरपेक्षा बरे पडतात, कारण मोठ्यांच्या खास बर्गरांत सॉस, मेयो, चीज सगळंच दुप्पट असतं. शिवाय एक खाऊन थांबता येतं, दुसरा बांधून घेता येतो.

मोठ्यांच्या यादीतून निवडताना नावावर जाऊ नका. मॅकस्पायसी चिकन बर्गरमध्ये ४५० कॅलरी आणि एकवीस ग्रॅम प्रथिनं आहेत, मॅकस्पायसी पनीरमध्ये ६५० कॅलरी आणि वीस ग्रॅम. पनीर म्हणजे हलकं, असा समज असतो, पण इथे त्यातच दोनशे कॅलरी जास्त येतात. आणि दोन्ही तिखट आहेत! लहानांचे पदार्थ मुद्दाम सौम्य केलेले असतात, मोठ्यांचे नसतात. पहिल्यांदा देताना आपल्या बर्गरचा एक घास देऊन बघा. नाहीतर दोन घासांत नाक-डोळे वाहायला लागतात, बर्गर तसाच राहतो आणि मूल कोला मागतं.

दुकानागणिक काय मागवायचं

चिकनच्या दुकानात हाडासकटचा तुकडा हा वाढत्या मुलासाठी चांगला पर्याय आहे, कारण त्यात आवरणाच्या मानाने मांस जास्त असतं. पॉपकॉर्न चिकनसारख्या बारीक तुकड्यांत पीठ आणि तेलाचा वाटा वाढतो. पहिल्यांदा देताना तंगडी द्या, धरायला सोपी. तुकडा आतून फार गरम असतो, म्हणून आधी मोडून वाफ जाऊ द्या. हाडाजवळचं मांस कच्चं वाटलं तर बदलून मागा.

पिझ्झ्यात आकार फसवतो. बहुतेक साखळ्यांत लहान पिझ्झा सात इंची, मधला दहा इंची आणि मोठा बारा इंचांचा किंवा थोडा वरचा असतो. इंचांचा वर्ग काढा, तुलना लगेच कळते: ४९, १०० आणि १४४. म्हणजे दोन लहान पिझ्झे मिळून एका मधल्याएवढेच होतात, आणि पैसे मात्र बऱ्याचदा जास्त पडतात. लहानांत कडेचा कोरडा पावही जास्त. मुलाला त्याचा स्वतःचा लहान पिझ्झा पुरेनासा झाला की दोन लहान मागवण्यापेक्षा सगळ्यांसाठी मधले किंवा मोठे मागवून तुकडे वाटा. मधल्याचे दोन तुकडे खाणारं मूल आता तीन खाईल, हिशोब तेवढाच. चीज भरलेली कड किंवा चीज-बर्स्ट तळ घेतला तर एक तुकडा कमी धरा.

लांब पावाचं सँडविच मिळतं तिथे अर्ध्या लांबीचं, म्हणजे सहा इंची, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला जेवण म्हणून पुरतं. भाज्या हव्या तेवढ्या घालता येतात, त्या भरपूर घाला. सॉस मात्र एकच सांगा. पूर्ण फूटभर सँडविच घेतलं तर मधोमध कापून दोन वेगळ्या कागदांत बांधून द्यायला सांगा.

उडुपी हॉटेलात लहानांची वेगळी यादी बहुधा नसते, आणि त्यामुळे काम सोपं होतं. दोन इडल्यांची प्लेट कमी पडली तर दुसरी अख्खी प्लेट मागवण्याआधी एक सुटी इडली मिळते का विचारा. सांबाराची जादा वाटी जरूर मागवा, जेवणातली डाळ तीच आहे. मिसळीच्या ठिकाणी मुलं तिसरा-चौथा पाव मागतात. पावाऐवजी उसळ जादा घ्या आणि रस्सा वेगळ्या वाटीत, म्हणजे तिखटाचा अंदाज मुलालाच घेता येतो. वडापाव हे बटाटा, बेसन आणि पाव यांचं खाणं आहे. दुसरा वडापाव देण्यापेक्षा सोबत ताक किंवा घरून नेलेलं उकडलेलं अंडं चांगलं, एका अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात.

चायनीजच्या गाडीवर हाफ आणि फुल असतं. हाफ प्लेट म्हणजे बारा वर्षांच्या मुलाचं जेवण, बऱ्याच ठिकाणी मोठ्याचंही. दोन भावंडांत एक फुल प्लेट घ्या, आणि साध्या व्हेज नूडल्सऐवजी अंडं, चिकन किंवा पनीर घातलेल्या. अमर्याद थाळीत लहानांचा दर वयावर किंवा उंचीवर ठरलेला असतो. पूर्ण दर लागू झाला की तिथे भुकेच्या वेळीच जा. नाहीतर मोजक्या वाट्यांची लिमिटेड थाळी घ्या, दोघांत वाटून खायला बहुतेक हॉटेलं ती देतात. अमर्याद थाळी वाटून खाऊ देत नाहीत.

पेय

पेटीतलं पेय लहान होतं म्हणून खपून गेलं. कॉम्बोबरोबर तेच दीडपट-दुप्पट होतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. साध्या कोल्यात १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलीत तीस-बत्तीस, सहा चमच्यांहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, जमलं तर पाच टक्क्यांखाली ठेवायला सांगते. २००० कॅलरीवाल्या मुलासाठी ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. एका ग्लासात दुसरी मर्यादा ओलांडली गेली, आणि पोट काही भरलं नाही.

फळांचा डबाबंद रस हा यातून पळवाट नाही, त्यातही साखर जवळपास तेवढीच असते. मिल्कशेक आणि कोल्ड कॉफी हे गोड पदार्थ समजा, पेय नव्हे. पाणी, ताक, कमी साखरेचं लिंबूपाणी, कोकम सरबत यांतलं काही मिळालं तर उत्तम. कोला द्यायचाच असेल तर सगळ्यात लहान ग्लास मागवा, बर्फ नेहमीसारखा घालू द्या, आणि तो खाण्याबरोबर द्या. आधी प्यायला की मूल बर्गर अर्धवट सोडतं.

मीठ

मोठ्यांच्या यादीकडे वळताना हेच सगळ्यात कमी तपासलं जातं. प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही वरची मर्यादा, म्हणजे सोडियम २००० मिलिग्रॅम. मुलांना त्याहून कमी. तक्त्यात सोडियम दिलेलं असतं, त्याला अडीचने गुणा, मिठाचा आकडा येतो. आलू टिक्की बर्गरमध्ये साधारण ५४५ मिलिग्रॅम सोडियम, चिकन महाराजा मॅकमध्ये १८५० च्या आसपास. एका बर्गरमध्ये साडेचार ग्रॅमहून जास्त मीठ झालं, दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. सतरा वर्षांच्या फुटबॉलपटूने कधीतरी खाल्ला तर ठीक. बारा वर्षांच्या मुलाची पहिली ‘मोठी’ ऑर्डर हा बर्गर नसावा.

फ्राइज बिनमिठाचे मागता येतात. ताजे तळावे लागतात म्हणून चार-पाच मिनिटं थांबावं लागतं. केचपची पाकिटं मुठीने आणू नका, त्यांतही मीठ-साखर आहे. माणशी एक पुरतं.

बिलाचं गणित

उदाहरणादाखल धरून चला की बर्गर १६० रुपये, लहान फ्राइज ८० आणि पेय ७०, सुटे घेतले तर ३१०, आणि कॉम्बो २६० ला. पन्नास वाचले असं दिसतं. पण पेय नकोच असेल तर बर्गर-फ्राइज २४० मध्ये येतात, आणि फ्राइज वाटून घेतले तर आणखी कमी. कॉम्बो स्वस्त पडतो तो तिन्ही वस्तू तुम्ही एरवीही घेणार असाल तरच. बिलात पाच टक्के जीएसटी लागतो, बोर्डावरची किंमत त्यासकट आहे की नाही ते बघून घ्या.

आईबाबा, तेराची मुलगी आणि सातचा मुलगा अशा चौघांसाठी आमच्या मते बसणारी ऑर्डर अशी: मोठ्यांचे तीन बर्गर सुटे, धाकट्याला त्याची पेटी, नगेट्स किंवा तसाच एखादा पदार्थ मुलीसाठी, फ्राइजचं एक मोठं पाकीट मध्ये ठेवून, आणि पाणी. धाकट्याचं खेळणं त्याचंच राहू द्या. मोठीला अजूनही खेळणं हवंसं वाटत असेल तर तिला त्यावरून चिडवू नका. या वयातली मुलं एका वेळी लहानपण आणि मोठेपण दोन्हीकडे असतात. अशा दिवशी पेटी आणि एक जादा पदार्थ घ्या.

काउंटरवर

ऑर्डर रांगेत लागण्याआधी ठरवा आणि मुलालाच सांगू द्या. मोठेपण दाखवायला मोठ्या ग्लासापेक्षा हे जास्त उपयोगाचं. वाक्यं साधी असू देत: “दादा, एक व्हेज बर्गर, फक्त बर्गर, कॉम्बो नको. मेयो कमी. फ्राइज बिनमिठाचे.” समोरून “मील करू का?”, “वीस रुपयांत मोठं करू का?” असं विचारलं जाणारच, तो त्यांच्या कामाचा भाग आहे. “नको, एवढंच,” म्हणायचं. पडद्यावर ऑर्डर देत असाल तर कॉम्बोचं चित्र आधी आणि मोठं दिसतं, सुटे पदार्थ वेगळ्या पानावर असतात. बदल करायचं बटण दाबलं की सॉस, चीज, कांदा काढता येतो. पैसे भरण्याआधीच्या शेवटच्या पानावर नको असलेलं काही चढलं नाही ना, बघा.

मुलाला कशाची ॲलर्जी असेल तर मोठ्यांचा प्रत्येक नवा पदार्थ नवाच समजा. तिळाबद्दल वेगळं विचारा, बाकी दूध, अंडं, शेंगदाणे, सोया यांची माहिती साखळ्यांना द्यावी लागते. मागून घ्या.

उरलं तर

‘ताटात टाकायचं नाही’ ही शिकवण घरच्या, आपण वाढलेल्या ताटासाठी चांगली आहे. दुकानाने ठरवलेल्या पोरशनला ती लावली तर मूल पोट भरल्यावरही खात राहतं. थांबावंसं वाटलं की थांबू द्या आणि उरलेलं बांधून घ्या. मेयो किंवा चिकन असलेला बर्गर खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभराहून जास्त नाही. घरी आल्यावर बर्गरमधली कच्ची पानं-भाज्या काढून टाका, पॅटी आणि पाव वेगळे करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पॅटी तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून आतपर्यंत गरम करा. पाव शेवटी अर्धा मिनिट. फ्राइज टिकत नाहीत, म्हणून ते आधीच कमी मागवायचे.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी

तिथे मोठ्यांचा पोरशन इथल्यापेक्षा बराच मोठा, म्हणून उडी आणखी जपून. मॅकडोनल्ड्सचा तिथला लहान ग्लासच १६ औंसांचा, म्हणजे जवळपास अर्धा लिटर, आणि मोठा ३० औंसांचा. हॅपी मीलमध्ये चार किंवा सहा नगेट्सचा पर्याय असतो, आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी सहाची पेटी ही मधली पायरी आयती मिळते. टेबलावर बसून खायच्या रेस्टॉरंटांत लहानांची यादी बहुधा दहा किंवा बारा वर्षांपर्यंत असते. काउंटरवर मात्र वय कोणी विचारत नाही, तेरा वर्षांच्या मुलाला किड्स मील पुरत असेल तर बिनधास्त घ्या. कॅलिफोर्नियात २०१९ पासून लहानांच्या मीलबरोबर कायद्याने पाणी किंवा दूधच आधी पुढे केलं जातं. मोठ्यांच्या मीलला ते लागू नाही, तिथे पाणी मागून घ्यावं लागतं.

भूक वेगळी वाटली तर

वाढीच्या वयातली भूक उंची आणि वजन दोन्ही वाढवते. मूल खूप खातंय, सारखं पाणी पितंय, रात्री लघवीला उठतंय आणि तरी वजन उतरतंय असं दिसलं, तर पोरशनचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातली साखर तपासा, ही लक्षणं मुलांमधल्या मधुमेहाची असू शकतात. उलट, चांगलं खाणारं मूल अचानक लहान पेटीही टाळायला लागलं, मित्रांसमोर खायला कचरायला लागलं, तर त्याच्या शरीरावरून घरात किंवा वर्गात कोणी बोललंय का, ते हळूच विचारा. “किती खातोस!” आणि “एवढंसंच खाल्लंस?” ही दोन्ही वाक्यं टेबलावर नकोत.